धरसोड करणारं घर्षण : ब्रेक किंचाळतो तेव्हा नेमकं काय होतं?

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने मोटरसायकलच्या पुढच्या डिस्कवर चेनचं तेल मारलं. "मामा, आठवडाभर नुसती चुंईचुंई चाललीय. सिग्नलला सगळे वळून बघतात. म्हटलं, जरा तेल मारावं." आवाज थांबला हे खरं. गाडी मात्र थांबेना. आमच्या फाटकाशी उभी राहायची ती शेजारच्या काकूंच्या कुंड्यांत जाऊन थांबली. तीन कुंड्या फुटल्या, गुडघा सोलवटला, आणि डिस्कला दोन्हीकडून चिमटणाऱ्या पॅडनी तेल पिऊन टाकलेलं असल्यामुळे दोन्ही पॅड फेकून द्यावे लागले.

बोलून झाल्यावर त्याने एक प्रश्न विचारला, आणि तो मुद्द्याचा होता. "दाराची बिजागरी वाजली की आजी तेल सोडते आणि दार गप्प होतं. मग ब्रेकचं वेगळं काय?"

दर पावसाळ्यात कुणी ना कुणी हे विचारतंच. ब्रेक वाजतो, वायपर काचेवर थडथडत जातो, लोकल वळणावर किंचाळते. तिन्हीकडे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकत असतात, आणि तिन्हीकडे आपण गृहीत धरतो की घर्षण जास्त झालं म्हणून आवाज आला. तिथेच चुकतं. आवाज घर्षण जास्त असल्याचा नसतो, ते एकसारखं नसल्याचा असतो.

एक वीट आणि चार रबरबँड

एक वीट घ्या. तिला सुतळी बांधा, सुतळीला चार रबरबँड एकमेकांत ओवून लावा आणि शहाबादी फरशीवर वीट ओढा. अगदी हळू ओढायची. गोगलगायीने ओढावी तशी.

आधी काहीच होत नाही. रबर लांबत जातं, वीट ढिम्म. मग अचानक वीट टुणकन चार बोटं पुढे येते, रबर ढिलं पडतं, वीट थांबते. पुन्हा रबर ताणायला लागतं, पुन्हा उडी. तुमचा हात एका संथ गतीने चाललाय, मधे कुठेही झटका दिलेला नाही, तरी वीट झटक्याझटक्यानेच येते.

आता जोरात ओढून बघा. सुरुवातीचा एक हिसका सोडला तर वीट सरळ घसरत येते. मग रबरबँड काढा आणि नुसत्या सुतळीने पहिल्यासारखंच हळू ओढा. झटके इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे झटक्यांना दोन गोष्टी लागतात: संथ गती, आणि मधे ताणलं जाणारं काहीतरी. यंत्रात रबरबँड नसतो, पण पोलादसुद्धा थोडं ताणतं, वाकतं, पिळतं. अगदी पूर्ण ताठ अशी वस्तू जगात नाही.

आधी धरतं, मग सोडतं

लोखंडी कपाट सरकवलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे की खरा जोर लागतो तो कपाट जागचं हलेपर्यंत. एकदा हललं की त्याहून कमी जोरात सरकतं. थांबलेल्या वस्तूला अडवून ठेवणारं ते स्थितिक घर्षण, सरकत्या वस्तूला अडवणारं ते गतिक घर्षण. शाळेत एवढंच शिकवतात आणि पुढे जातात. या दोहोंतल्या फरकातच सगळी गंमत आहे.

वीट थांबलेली असते तेव्हा फरशी तिला घट्ट धरते. रबराचा ताण त्या पकडीपेक्षा वरचढ झाला की पकड सुटते. सुटल्या क्षणी घर्षण कमी होतं, पण रबर अजून पूर्ण ताणलेलंच असतं. तो वरचा ताण विटेला गरजेपेक्षा पुढे फेकतो. रबर ढिलं पडतं, वीट थांबते, फरशी तिला पुन्हा धरते. इंग्रजीत याला 'स्टिक-स्लिप' म्हणतात. १९३९ मध्ये केंब्रिजच्या बाउडन आणि लेबन यांनी धातूवर धातू सरकवून हे झटके नीट मोजले, आणि तो शब्द रूढ झाला. मराठीत शब्द शोधायला जावंच लागत नाही. आपल्याकडे 'धरसोड' आहे. माणसाबद्दल वापरतो तो शब्द घर्षणाला जसाच्या तसा बसतो.

थांबलेली वस्तू जास्त घट्ट का धरली जाते? कितीही गुळगुळीत दिसणारे पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खाचखळग्यांचे असतात. ते एकमेकांवर ठेवले की सगळीकडे टेकत नाहीत, फक्त उंचवट्यांवर टेकतात. त्या मोजक्या ठिकाणी दाब प्रचंड असतो, उंचवटे चेपतात आणि एकमेकांना चिकटतात. जितका वेळ थांबाल तितकं चेपणं आणि चिकटणं वाढतं. थांबलेल्या वेळाप्रमाणे पकड वाढते ही नोंद फ्रान्सच्या कूलॉम यांनी १७८५ साली छापून आलेल्या निबंधात केली आहे. हळू ओढल्यावर झटके मोठे येतात त्याचं एक कारण हेच. प्रत्येक थांब्यावर पकडीला पक्कं व्हायला वेळ मिळतो.

पण आवाज खडबडीतपणामुळे येतो ना?

ही शंका रास्त आहे, कारण सँडपेपर खरखर वाजतो. पण काचेचा ग्लास स्वच्छ धुवा, ओलं बोट त्याच्या काठावरून फिरवा. घरात त्याहून गुळगुळीत वस्तू क्वचितच असेल, आणि तोच ग्लास गाऊ लागतो. बोट तेलकट असेल तर गात नाही. भांडी घासताना ताट 'कुंई' वाजलं की ते खरंच स्वच्छ झालं, असं आमची आई म्हणायची, आणि ते शास्त्रालाही धरून आहे. तेलाचा थर गेला की बोटाची पकड धरसोड करू लागते.

खडबडीत पृष्ठभागाची खरखर म्हणजे असंख्य बारीक टकरींचा गोंधळ. त्याला सूर नसतो. ब्रेकच्या किंचाळीला सूर असतो. सूर ऐकू आला की समजावं, कुठेतरी काहीतरी ठरावीक वेळाने पुढेमागे होतंय.

एकसारख्या ओढीतून कंप कसा निघतो?

खड्ड्यात गेल्यावर गाडी हादरते, कारण हादरा बाहेरून आला. इथे मात्र चाक एकसारखं फिरतंय, पॅडवरचा दाब एकसारखा आहे, आणि तरी सेकंदाला हजारो हेलकावे. ते आले कुठून?

झोपाळ्यावर मूल बसलंय आणि मागे उभा असलेला माणूस त्याला दोन्ही वेळा हात लावतोय. पुढे जाताना ढकलतो आणि परत येताना थोडं अडवतो. पुढे ढकलणं दहा आणे, मागे अडवणं आठ आणे. दर फेरीला दोन आणे शिल्लक, झोका वाढत जातो.

डिस्क पॅडला आपल्याबरोबर ओढत असते. पॅड जरासा थरथरला, समजा. तो डिस्कच्या दिशेने सरकतो तेव्हा दोघांच्या वेगातला फरक कमी होतो. वेगातला फरक कमी, तर घर्षण जास्त, म्हणून डिस्क त्याला अजून जोराने पुढे ढकलते. तो उलट फिरतो तेव्हा वेगातला फरक वाढतो, घर्षण कमी होतं, म्हणून त्याला अडवणाराही जोर कमी. दहा आणे आणि आठ आणे. धावत्या गाडीची, म्हणजे पर्यायाने तुमच्या पेट्रोलची, थोडीशी ताकद थरथरीत जमा होत राहते. हवा आणि रबर जितकी खातील तितकीच नवी जमा होऊ लागली की थरथर एका पातळीवर स्थिरावते, आणि आपल्याला एक सलग सूर ऐकू येतो.

हा हिशेब वेगाबरोबर घर्षण कमी होतं यावर उभा आहे. बरीच वर्षं ब्रेकचा आवाज एवढ्यानेच समजावला जायचा. मग अडचण आली. घर्षण जवळजवळ स्थिर ठेवणारे पॅड बनवले, तरी काही ब्रेक वाजतच राहिले.

कर्कवृत्ताची ठिपक्यांची रेघ

आमचे भूगोलाचे सर फळ्यावर कर्कवृत्त काढायचे ते बघायला मजा यायची. खडू तिरका धरून, टोक पुढे करून, एका दमात ढकलायचे. टर्रर्र करून फळ्यावर ठिपक्यांची सरळ रेघ उमटायची. प्रत्येक ठिपका वेगळा काढलेला नसायचा. खडू स्वतःच उड्या मारत जायचा.

काठी पाठीमागे ओढत न्या, मुकाट्याने येते. तीच काठी तिरकी पुढे टेकवून ढकला, रुतते. घर्षण टोकाला मागे खेचतं, त्यामुळे टोक जमिनीत अजून दाबलं जातं, दाब वाढला की घर्षण वाढतं, की अजून दाब. शेवटी काठी वाकते, उसळते, सुटते आणि पुढे जाऊन पुन्हा रुतते. १९६०च्या सुमारास स्पर नावाच्या संशोधकाने ब्रेकच्या आवाजाला हीच युक्ती लावली. घर्षणाचा आकडा बदलायची गरजच नाही. आडवी ओढ उभ्या दाबाला वाढवते आणि उभा दाब आडव्या ओढीला, एवढी जुळणी पुरते.

ब्रेकमध्ये डिस्क ज्या बाजूने पॅडखाली शिरते, पॅडची ती कड अशी रुतते. आता डिस्ककडे बघा. ती एक झांजच आहे. टिचकी मारली तर वाजते, तिचे स्वतःचे ठरलेले सूर असतात. पॅड, त्यांना डिस्कवर दाबणारा कॅलिपर, त्यांना धरणारा कंस, यांचेही आपापले सूर. दोन सूर जवळ आले आणि घर्षणाने त्यांची गाठ घालून दिली की एक दुसऱ्याला चढवत नेतो. डिस्क प्रत्यक्षात हलते केवळ काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पण झांजेइतकं पसरट अंग हवा ढकलायला उत्तम. ब्रेकची किंचाळी साधारण १,००० हर्ट्झच्या वर असते, म्हणजे सेकंदाला हजारावर हेलकावे. आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट, आणि बऱ्याच किंचाळ्या नेमक्या तिथेच येतात.

फळ्यावर खडू किंचाळला तर तो मोडून अर्धा करायचा, ही मास्तरांची युक्ती याच जातीची. आखूड तुकडा ताठ असतो, त्याचा सूर बदलतो, जुळणी मोडते. खडू तोच, फळा तोच, घर्षणही तेच.

मग तेलाने बिघडतं काय?

आता भाच्याला उत्तर देता येतं. बिजागरीचं काम फिरणं. तिथलं घर्षण आपल्याला कशालाच नको असतं, तेव्हा तेल सोडा आणि मोकळे व्हा. ब्रेकचं कामच घर्षण. ते काढलं तर आवाजाबरोबर ब्रेकही गेला.

म्हणून ब्रेकवाले घर्षणाला हात न लावता बाकीच्या गोष्टींना हात घालतात. पॅडच्या कडा तिरक्या घासतात, म्हणजे ती रुतणारी कड बोथट होते. चांगला मेकॅनिक 'कडा मारून देतो' म्हणतो तो हेच करत असतो. पॅडच्या पाठीमागे रबराचा थर दिलेला पातळ पत्रा, शिम, बसवतात. तो थरथर खातो. आणि गंमत म्हणजे वंगणही लावतात, पण पॅडच्या पाठीला आणि कॅलिपरच्या पिनांना, तेही उष्णता सोसणारं खास ग्रीस. डिस्ककडच्या बाजूला एक थेंबही नाही.

रेल्वेची तऱ्हा याहून पाहण्याजोगी. तीव्र वळणावर चाकं रुळावर थोडी आडवी घासत जातात, आणि चाक घंटेसारखं वाजतं. माथेरानच्या छोट्या गाडीतून गेलेल्यांनी तो आवाज ऐकलेला असतो. रुळाच्या माथ्यावर तेल ओतावं तर गाडीला ना चढता येईल ना थांबता येईल. म्हणून काही ठिकाणी असा लेप देतात की पकड पुरेशी राहते, फक्त वेग वाढल्यावर ती घसरत नाही. दहा आणे-आठ आण्यांचा हिशेब बरोबरीत आणायचा, बस.

ब्रेक वाजतोय, म्हणजे तो खराब झाला?

बहुतेक वेळा नाही. रात्री पाऊस पडला की सकाळी डिस्कवर तांबूस गंजाचा पातळ पापुद्रा येतो. पहिले चार-सहा ब्रेक वाजतात, पापुद्रा घासून जातो, आवाज बंद. नवे पॅड बसेपर्यंत वाजू शकतात. ब्रेक धरणं हे काम, वाजणं हा उपद्रव. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

दोन आवाज मात्र मनावर घ्यायचे. पुष्कळ गाड्यांच्या पॅडला एक छोटी धातूची जीभ असते. पॅड झिजून पातळ झाला की ती डिस्कला लागते आणि मुद्दामच किंचाळते. आणि सुराऐवजी खरखर, घासल्यासारखा कर्कश आवाज येत असेल तर पॅड संपून लोखंडावर लोखंड चाललंय. त्या दिवशीच दाखवा.

"एवढी महाग गाडी, कंपनीला आधी कळलं नाही का?" कळतं, पण अर्धवट. संगणकावर ब्रेकचं गणित मांडलं की वाजू शकतील अशा जुळण्यांची यादीच मिळते. त्यातली खरी कोणती वाजेल हे ऊन, दमट हवा, पॅडची झीज, पाय किती जोरात दाबला, अशा गोष्टींवर ठरतं. म्हणून तोच ब्रेक सोमवारी गप्प असतो आणि मंगळवारी बोंबलतो. मेकॅनिककडे नेल्यावर हटकून गप्प बसतो, तो अनुभव सगळ्यांचाच.

आवाज नाही, पण काम बिघडतं

माझी सारी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली, त्यामुळे माझ्यासाठी धरसोडीचा खरा चेहरा म्हणजे डायल गेजचा, म्हणजे बारीक सरकणं मोजणाऱ्या घड्याळाचा, काटा. जुन्या ग्राइंडिंग मशिनची स्लाइड, म्हणजे स्क्रूने पुढेमागे होणारा सरकता भाग, एका शतांश मिलिमीटरने पुढे न्यायचीय. हँडव्हील एक रेघ फिरवलं, काटा हलत नाही. अजून अर्धी रेघ, काटा हलत नाही. अजून एक केसभर, आणि काटा टुणकन तीन शतांश पुढे. जॉब गेला. स्क्रू हे आपलं रबर, स्लाइड ही वीट. आमचे जुने फोरमन स्लाइडवर बोटाच्या पेराने हळूच टकटक करायचे आणि काटा मुकाट्याने सरकायचा. पकड पक्की व्हायला वेळच द्यायचा नाही, ही त्यामागची अक्कल.

नुसतं घट्ट तेल घालून हे जात नाही. स्लाइडसाठी वेगळं तेल मिळतं, त्यात अशी द्रव्यं असतात की थांबलेलं आणि सरकतं घर्षण जवळजवळ सारखं होतं. पुढे टेफ्लॉनमिश्रित पट्ट्या आल्या, त्यांचा गुण तोच. साधं मशिन ऑइल आणि स्लाइड ऑइल यांच्या डब्यांची अदलाबदल झाल्यामुळे दोन दिवस डोकं धरून बसल्याचं मला चांगलं आठवतं.

धरसोड हवीच असते तेव्हा

सारंगीच्या गजाला राळ लावतात ती पकड वाढवायला नव्हे, धरसोड वाढवायला. राळ थांबलेल्या तारेला घट्ट धरते आणि सरकत्या तारेला सहज सोडते. व्हायोलिनची ४४० हर्ट्झची तार वाजते तेव्हा गज तिला सेकंदाला ४४० वेळा धरतो आणि ४४० वेळा सोडतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की तारेत एक कोपरा तयार होतो, तो टोकापर्यंत धावत जाऊन परत येतो आणि गजापाशी पोचला की पकड सोडवतो. त्यामुळे सूर गजाच्या वेगावर ठरत नाही, तारेच्या लांबीवर आणि ताणावर ठरतो.

याचं पुढचं गणित कोलकात्यात मांडलं गेलं. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा गजाने वाजणाऱ्या तारांवरचा प्रबंध १९१८चा. रामन परिणाम त्यानंतर दहा वर्षांनी. माणसाचा हात सारखा जोर देऊ शकत नाही म्हणून त्यांनी यंत्राने वाजणारं व्हायोलिन तयार केलं. त्यात गज स्थिर असायचा आणि व्हायोलिनच पुढेमागे सरकायचं. जोर कमी पडला तर तार शिटीसारखी वाजते, जास्त झाला तर ओरखडते. शिकाऊ मुलाच्या घरचे लोक या दोन्ही टोकांशी परिचित असतात.

आणि मुद्दाम करकर वाजेल अशी करून घेतलेली कोल्हापुरी वहाण? त्यामागेही अशीच धरसोड असावी.

वीट किलोमीटरभर लांब असली तर

१९६६ मध्ये ब्रेस आणि बायर्ली या दोघांनी प्रयोगशाळेत ग्रॅनाइट प्रचंड दाबाखाली घासलं. खडक सरळ सरकण्याऐवजी झटक्याझटक्याने सरकला, आणि त्यांनी मांडलं की उथळ भूकंप म्हणजे जमिनीतल्या भेगांची अशीच धरसोड असावी. आज हीच मांडणी सर्वसाधारणपणे धरली जाते. भोवतालचा खडक म्हणजे रबर. तो वर्षानुवर्षं ताणला जातो, भेग धरून ठेवते आणि एका क्षणी सोडते. सगळ्याच भेगा अशा नसतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भेगेचा मधला भाग बराचसा गुपचूप सरकत राहतो.

त्याच्या पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, कोयनानगर हादरलं. तीव्रता सुमारे ६.३, मृत्यू दोनशेच्या आसपास. धरणाच्या पाण्याने ताण निर्माण केला असं नव्हे, ताण आधीपासून होता. पाणी भेगांत मुरलं की आतला दाब वाढतो आणि दोन खडकांना एकमेकांवर दाबून धरणारा जोर तेवढा हलका होतो. पकड जराशी सैल, एवढंच पुरतं. कोयनेच्या परिसरात तेव्हापासून छोटे-मोठे धक्के चालूच आहेत, आणि बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवरचे.

इतके उथळ, एकाच टापूत आणि नेमाने येणारे धक्के जगात फार ठिकाणी मिळत नाहीत. म्हणून तिथे गोठणे या ठिकाणी बेसाल्ट भेदून खालच्या ग्रॅनाइटी खडकात तीन किलोमीटर खोल विवर खणलं, २०१७ मध्ये ते पूर्ण झालं. कऱ्हाडच्या प्रयोगशाळेतून हे काम चालतं. फरशीवरच्या विटेचं रबर किती ताणलंय ते आपल्याला वरून दिसतं. इथे रबरापर्यंत पोचायलाच तीन किलोमीटर खाली जावं लागलं.